वजन वाढवलं, गाडी मागे बसली? सस्पेन्शनच्या या चुका टाळा

पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोरयंत्र), टपावर कॅरियर, हुकाला होडीचा ट्रेलर. मागची बाजू बसली की बरेच जण गॅरेजमध्ये जाऊन सांगतात, 'शॉकअप बदला.' पहिली चूक इथेच होते. शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. वजन पेलते ती स्प्रिंग, म्हणजे लोखंडी पाटे किंवा गुंडाळीची कॉइल.

आधी टेप घ्या. सपाट जागेवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा: एकदा रिकाम्या गाडीचं, एकदा माणसं, सामान, भरलेली टाकी आणि ट्रेलर यांच्यासह. हा फरक ठाऊक नसताना स्प्रिंग निवडणं हे अंदाजपंचे काम.

ट्रेलरचा हिशेब तर बहुतेकांचा चुकतोच. ट्रेलर ८०० किलोचा असेल, तर हुकावर साधारण १० टक्के, म्हणजे ८० किलो भार यायला हवा. हूक मागच्या अ‍ॅक्सलपासून १ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) अडीच मीटर धरला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ११२ किलो वाढतात आणि पुढचे ३२ किलो उचलले जातात. चोर्ला घाटातल्या ओल्या वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. शिवाय हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उलट होडीचं इंजिन मागे लटकत असल्याने हुकावरचा भार फारच कमी झाला, तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. त्यावर स्प्रिंग हा उपाय नाही. होडी ट्रेलरवर पुढे सरकवा.

आता पाटा वाढवण्याबद्दल. ट्रेलर अधूनमधूनच ओढायचा असेल, तर जादा पाटा घालू नका. गोव्यातल्या कुळ्याच्या दगडधोंड्यांत रिकामी गाडी उड्या मारेल आणि चाक जमीन सोडेल. मागे कॉइल असेल, तर तिच्या आत बसणारी एअरबॅग, म्हणजे हवेची पिशवी बरी: भार असताना हवा भरा, नंतर कमी करा. विंच, लोखंडी बंपर यांचं वजन मात्र कायमचं, तिथे त्या वजनाला जुळणारी स्प्रिंगच हवी. जुन्या थारचा पुढचा टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी दांडी) पिळून गाडी उचलतात, पण त्याने फक्त उंची वाढते. बारचा कडकपणा तोच राहतो आणि चाकाला खाली जायला फारशी जागा उरत नाही.

ब्रेककडे तर कोणी पाहतच नाही. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. मागची उंची बघून तो मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. पाटे वाढवून गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो. दांडी नव्याने सेट करून घ्याच.

स्प्रिंग कितीही कडक घातली, तरी आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफारांवर बंधनं आहेत, म्हणून आधी आरटीओत विचारा.

काम झाल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइट तपासा. काहीशे किलोमीटरनंतर पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. होडी पाण्यात सोडताना चाकं खाऱ्या पाण्यात गेली असतील, तर त्याच दिवशी पाटे आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुऊन काढा.