रोजच्या बैठकीत एकच माणूस बोलत सुटतो? या चुका टाळा

गोव्यात पर्वरीतलं सॉफ्टवेअरचं ऑफिस असो, वेर्ण्यातला कारखाना असो की कळंगुटच्या हॉटेलातलं हाउसकीपिंगचं सकाळचं ब्रीफिंग, तक्रार एकच ऐकू येते. बैठक पंधरा मिनिटांची ठरलेली असते आणि एक जण बोलायला लागला की अर्धा तास जातो. त्यावरचे उपायही सगळीकडे तेच होतात आणि त्याच ठिकाणी फसतात.

आधी हिशेब. नऊ माणसं आणि १५ मिनिटं, म्हणजे माणशी १०० सेकंद. एकाने ७ मिनिटं घेतली तर उरलेल्या आठ जणांना एकेक मिनिट मिळतं. प्रत्यक्षात पहिले तिघं आपला वेळ पुरा घेतात आणि शेवटच्या दोघातिघांची पाळीच येत नाही. नेमकी त्यांच्याचकडे त्या दिवशीची अडचण असते.

चूक पहिली: त्याला सगळ्यांसमोर गप्प करणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत महाग पडते, म्हणून जरा सविस्तर.

औषधांच्या एका कारखान्यातलं पॅकिंग खातं. पहिली पाळी सातला सुरू, सात ते सव्वासात बैठक. पंधरा वर्षं त्याच लाइनवर काढलेले एक ऑपरेटर रात्रपाळीच्या लोकांकडून कळलेलं सांगायला लागले: कार्टनिंग यंत्राचा (औषधं खोक्यात भरणाऱ्या) सक्शन कप झिजलाय, खोका नीट उघडत नाही, व्हॅक्यूम किती वाढवला, असंच पूर्वी केव्हा झालं होतं, तेव्हा सुटा भाग कुठून आणला. सात मिनिटं गेली. स्टोअरचा मुलगा मागच्या रांगेत उभा होता, त्याचा नंबर लागलाच नाही. त्याच्याकडे एकच वाक्य होतं: आजच्या बॅचच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं गुणवत्ता विभागाने अजून पास केलेली नाहीत. सव्वासातला सगळे पांगले, लाइन क्लिअरन्स (आधीच्या बॅचचं लाइनवर काही उरलं नाही याची तपासणी) झाला, सीलिंगचे रोलर तापले आणि सव्वाआठला कळलं की पत्रकंच नाहीत. दुसरं उत्पादन घ्यायचं तर यंत्राची जुळणी बदला, लाइन पुन्हा रिकामी करा, पुन्हा तपासून सह्या घ्या. लाइन दहापर्यंत उभी राहिली.

खरी चूक झाली दुसऱ्या दिवशी. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून तुम्ही दोनच मिनिटं बोलायचं." ऑपरेटर मान हलवून गप्प झाले. पुढचे तीन आठवडे पाळी आली की "माझं काही नाही" एवढंच. बैठक बारा मिनिटांत संपायला लागली, सगळे खूश. मग तोच सक्शन कप भर पाळीत गेला. झिज कुठवर आली होती हे एकट्या त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी सांगणं सोडलं होतं.

फार बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा खरोखर सांगण्यासारखं काही असतं, त्यामुळे त्याचं बोलणं आखडायचं असेल तर त्याला ठाऊक असलेलं हरवणार नाही अशा रीतीनेच आखडावं लागतं. आपल्याकडे हा माणूस पुष्कळदा वयाने मोठा असतो, त्याला सगळे 'बाब' म्हणतात, आणि चारचौघांत झालेला अपमान तो विसरत नाही.

थांबवायचं असेल तर असं थांबवा. तो श्वास घेतो तिथे शिरा, वाक्याच्या मध्ये नाही. त्याचा मुद्दा एका वाक्यात परत सांगा, म्हणजे ऐकून घेतलं हे त्याला कळतं. तो सगळ्यांच्या देखत फळ्यावर लिहा. आणि लगेच पुढच्या माणसाचं नाव घ्या. उदाहरणार्थ: "बाब, कप आज दुपारपर्यंत बदलायला हवा, लिहिलं. बैठक संपली की मेन्टेनन्सवाल्यांना घेऊन बसू. आता स्टोअर." नुसतं "बरं, पुढे?" म्हणून थांबलात तर त्या मोकळ्या जागेत तोच पुन्हा बोलू लागेल.

मग त्याच दिवशी एकट्याला गाठून बोला. काचेच्या केबिनमध्ये नको, बाहेर सगळे बघत असतात. स्वभावावर जाऊ नका, आकडा सांगा. "तुम्ही फार बोलता" यात भांडण आहे. "आज कपाच्या विषयाला ७ मिनिटं गेली आणि स्टोअरची पाळी आली नाही" यात भांडायला जागा नाही. एक खूण दोघांत ठरवून घ्या, म्हणजे मी पेन खाली ठेवलं की एका वाक्यात आटपायचं. दोन-तीन आठवडे ही खूण रोज वापरावी लागते. एकदा बोलून काम होईल अशी घाई असलेले नवे टीम लीड चौथ्या दिवशी वैतागून पुन्हा चारचौघांत बोलून मोकळे होतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

चूक दुसरी: आपणच त्याला बोलतं करणं

पाच दिवस एक काम करा, कुणाला न सांगता. वहीत सगळ्यांची नावं लिहा आणि जो बोलतोय त्याच्यापुढे दर अर्ध्या मिनिटाला एक रेघ मारा. तुमचं स्वतःचं नावही त्यात हवं. शिवाय तुम्ही मध्ये प्रश्न विचारलात की त्या जागी टिंब द्या. बोलक्या माणसाच्या रेघांमध्ये तुमचीच टिंबं पसरलेली पाहून बरेच लीड गप्प होतात.

"असं का झालं?" हा प्रश्न गोष्टीचं दार उघडतो. "मग तुम्ही काय केलंत?" याने ती लांबते. रोजच्या बैठकीत विचारायचा प्रश्न तो नव्हेच. "हे आज पुरं व्हायला काय लागेल आणि कुणाकडून?" एवढंच विचारा. उत्तर एका वाक्यात येतं, कारण प्रश्नच एका वाक्याचा आहे.

तशीच "काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" ही तीन प्रश्नांची फेरी. पुष्कळ ठिकाणी ती मंत्रासारखी म्हटली जाते. ही फेरी सॉफ्टवेअरवाल्यांच्या स्क्रम या कामाच्या पद्धतीतून पसरली, आणि त्या पद्धतीच्या मार्गदर्शिकेच्या, म्हणजे स्क्रम गाइडच्या, २०२० च्या आवृत्तीतून हे तीन प्रश्न गाळलेले आहेत. १५ मिनिटांची मर्यादा तेवढी तशीच आहे. "काल काय केलं" विचारलं की माणूस आपण रिकामे बसलो नव्हतो हे सिद्ध करू लागतो, आणि ज्याला बोलायची आवड आहे तो ते तपशिलात करतो. त्याऐवजी माणसांवरून नव्हे, कामांवरून जा. फळ्यावर कामं डावीकडे सुरू झालेली, उजवीकडे संपत आलेली अशी मांडा; जे काम पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ आहे तिथून सुरुवात करा आणि उजवीकडून डावीकडे या. मग पाळी माणसाची न राहता कामाची होते. ज्या कामाला आज काही अडलेलं नाही ते सोडून द्या, त्यावर कुणी बोलायची गरज नाही.

फेरीच घ्यायची असेल तर बोलक्याला शेवटी ठेवू नका. त्याच्यामागे कुणी थांबलेलं नसलं की त्याला अडवणारंही कुणी नसतं. पहिलाही नको, तो बाकीच्यांचं माप ठरवून देतो. मधला नंबर द्या.

चूक तिसरी: "नंतर बोलू" म्हणून लिहिलेलं कधीच न उघडणं

बाजूला लिहिलेल्या मुद्द्यांची यादी सगळे करतात, बहुतेक जण त्या यादीचं स्मशान करतात. बोलक्या माणसाला तीन दिवसांत कळतं की तिथे गेलेला मुद्दा परत येत नाही. चौथ्या दिवसापासून तो यादीत जायला तयार होत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

फळ्याचा उजवा कोपरा यासाठी रेघ मारून ठेवा. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन गोष्टी: विषय दोन-तीन शब्दांत, कोण बसणार, किती वाजता. बैठक संपली की तिथेच दहा मिनिटं, संबंधित दोघंतिघं, बाकीचे कामाला. मी असतो तर ती वेळ चहाला जोडतो, कारण त्या वेळी लोक पळत नाहीत. मुद्दा मिटला की ज्याने काढला त्याच्या हातून पुसून घ्या. बोलक्या माणसासाठी ती दहा मिनिटं ही हक्काची जागा होते, आणि एकदा ती खात्रीने मिळते हे पटलं की सकाळची सात मिनिटं आपसूक दोनवर येतात. घड्याळापेक्षा यावर माझा जास्त भरवसा आहे.

लहान चुका

नुसतं उभं राहून प्रश्न सुटेल असं समजणं. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बसून घेतलेल्या बैठका उभ्याने घेतलेल्या बैठकांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त चालल्या, निर्णयांचा दर्जा मात्र सारखाच होता. म्हणून उभं राहा, वेळ वाचतो. पण बोलका माणूस उभ्यानेही बोलतो, दुखतात ते बाकीच्यांचे गुडघे.

वाजणारा टायमर लावणं. शाळेतली वक्तृत्व स्पर्धा वाटते. सगळ्यांना दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ पुरे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर "सर्वांनी कृपया थोडक्यात बोलावे" असं टाकणं. कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतं, त्याला सोडून. शिवाय जे आधीच कमी बोलतात ते आणखी कमी बोलतात.

ऑनलाइन बैठकीत त्याला परस्पर म्यूट करणं. कधीही करू नका.

उशिरा आलेल्यासाठी पहिल्यापासून सांगणं. पावसाळ्यात बसेस मागेपुढे होतात हे मान्य, पण मग बैठकच नऊऐवजी सव्वानऊला ठेवा. पुन्हा सांगायची संधी आली की ती बोलका माणूसच घेतो.

भाषा घसरू देणं. आपल्याकडे हे फार होतं. बैठक हिंदीत किंवा मराठीत सुरू होते, सांगणारा रंगला की कोकणीत जातो, आणि ओडिशा-झारखंडची मुलं भिंतीकडे बघत राहतात. ती गप्प आहेत म्हणजे त्यांना अडचण नाही असं नव्हे. भाषा बदलली की लगेच "हिंदीत, बाब" म्हणा. गोष्ट रंगवायला वेगळी भाषा लागते, कामाची अडचण सांगायला दोन वाक्यांचं हिंदी पुरतं.

दहापेक्षा जास्त माणसं एका बैठकीला उभी करणं. दोन बैठका करा.

फळ्यावर लिहायचं काम बोलक्या माणसाला देणं ही मात्र चूक नाही, शिक्षा म्हणून दिलं नाही तर. ज्याच्या हातात खडू आहे त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

इतकं करूनही चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर बैठक घसरतेच. आठ दिवसांचं साचलेलं असतं, घरचं, माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचं), कामाचं, सगळं एकदम बाहेर येतं. त्या पहिल्या दिवशी बैठक मुद्दाम २५ मिनिटांची ठेवा आणि तसं फळ्यावर लिहा. पहिली दहा मिनिटं मोकळी, मग कामांची फेरी. दुसऱ्या दिवशी १५ चा आकडा परत लिहा आणि ती पेनाची खूण पुन्हा सुरू करा.