थंडीत जाडजूड दिसायची काहीच गरज नाहीये, रोजचे कपडे असे घाला

थंडी सुरू झाली की कपाटातला सगळ्यात जाड स्वेटर बाहेर निघतो, त्यावर हाताला लागेल ते जॅकेट, आणि मग "थंडीत कोण बघतंय, ऊब मिळाली म्हणजे झालं" म्हणून विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. ऊब आणि दिसणं यांचं भांडण नाहीच मुळी, दोन्हीसाठी लागतं तेच, जाडी कमी आणि फिटिंग बरोबर.

आधी ऊब कशी मिळते ते बघा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कापड स्वतः गरम नसतं, कापडाच्या धाग्यांत आणि दोन कपड्यांच्या मधे जी हवा अडकते ती आपल्या अंगाची उष्णता धरून ठेवते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर ऊब छान राहते, आत गेल्यावर एखादा काढता येतो, आणि मुख्य म्हणजे खांदे, कंबर यांचा आकार कपड्यांखाली हरवत नाही. पण कपडे इतके घट्ट झाले की मधे हवाच उरली नाही तर मात्र थंडी वाजणारच. दोन जाड मोजे कोंबून बूट घालणाऱ्यांचे पाय गार पडतात ते याचमुळे, हवा पण दाबली जाते आणि रक्तपुरवठा पण. एकच लोकरीचा मोजा घाला आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा ठेवा.

अंगालगतचा कपडा सुती नको, निदान खूप चालणं होणार असेल त्या दिवशी तरी नको. सूत घाम शोषतं आणि ओलंच राहतं, मग थांबलात की अंग गार पडतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊनही ओली लागत नाही. "लोकर टोचते" म्हणून बरेच जण नको म्हणतात पण टोचणं हे तंतूच्या जाडीवर असतं, साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचे जाड तंतू कातडीला टोचतात, मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू 24 च्या आत असतो आणि कॅशमियर या शेळीच्या मऊ लोकरीचा 19 च्या आसपास किंवा त्याहून बारीक, म्हणून ते अंगालगत घालता येतं. एक बारीक गोष्ट, थर्मलचा गळा शर्टाच्या गळ्यातून आणि बाही मनगटाशी डोकावता कामा नये, खोल गळ्याचं थर्मल घ्या. एवढ्याशा गोष्टीने सगळा पोशाख घाईघाईत चढवल्यासारखा दिसतो.

मधला थर म्हणजे बारीक विणीचा स्वेटर किंवा कार्डिगन. इथे जास्त काही सांगण्यासारखं नाही, फक्त जाड वेण्यांच्या विणीचा स्वेटर आवडत असेल तर तो एकटाच वर घाला, त्यावर कोट चढवलात की काखेत गोळा होतो आणि दिवसभर हात अवघडतात.

आता कोट, आणि इथे मी थांबणार आहे कारण थंडीत लोकांना तुमचं दिसतं ते कोटच, आतला सुंदर शर्ट फक्त तुम्हाला माहीत असतो. थोडे जास्त पैसे घालायचेच असतील तर इथे घाला, स्वेटर एक कमी चालेल. कोट घेताना आत जो नेहमीचा स्वेटर घालणार तो घालूनच जा, नुसत्या शर्टावर बघून घेतलेला कोट पुढे हमखास तंग होतो. मग खांद्याची शिवण बघा, ती खांद्याचं हाड संपतं तिथेच किंवा अगदी बोटभर पुढे हवी (मुद्दाम उतरत्या खांद्याचा कोट असेल तर गोष्ट वेगळी). बाही आखूड करता येते, लांबी कमी करता येते, पण खांदा बदलणं कटकटीचं आणि महाग काम आहे, म्हणून खांदा चुकला तर कोट कितीही आवडला तरी सोडून द्या. दोन्ही हात पुढे करून स्वतःलाच मिठी मारून बघा, पाठीत ताण आला तर एक नंबर मोठा घ्या. बाही मनगटाच्या हाडाच्या खाली यायला हवी, नाहीतर वारा तिथूनच शिरतो.

आणि हे तर प्लीज कराच, नवा कोट आणला की पाठीमागे खालच्या बाजूला जी उभी चीर असते तिच्यावर जाड दोऱ्याची फुली मारलेली असते ती कापून टाका. तो कच्चा दोरा असतो, दुकानात पोचेपर्यंत कापड दुमडू नये म्हणून घातलेला. माझ्या एका मैत्रिणीने इतका सुरेख राखाडी कोट घेतला आणि चालताना मागून कापड ओढल्यासारखं दिसायचं, तिला वाटायचं कोटच लहान झालाय. मी तिला खुर्चीवर उलटं बसवून छोट्या कात्रीने फुलीचे दोन टाके कापले, दोरा चिमटीत धरून ओढला आणि चीर पाण्यासारखी सुटली. बाहेरचे खिसे पण बऱ्याचदा असेच शिवलेले असतात, आणि बाहीवर ब्रँडची पट्टी चार टाक्यांवर असते, ती पण काढायचीच असते.

कापड बघताना वाऱ्याचा विचार करा. सैल विणीचा कोट कितीही जाड असला तरी वारा आरपार जातो, वरचा थर घट्ट विणीचाच हवा. गॅबर्डिन कापड 1879 मधे थॉमस बर्बेरीने काढलं ते असंच, दाट विणीचं आणि धाग्यावर आधीच पाणी न शिरण्याची प्रक्रिया केलेलं, आणि ट्रेंच कोट त्यातूनच पुढे आला. पिसं भरलेलं जॅकेट कोरड्या थंडीत फार छान, पण पिसं भिजली की चिकटतात आणि ऊब गेली समजा, पावसाळी थंडी असेल तर सिंथेटिक भरलेलं बरं.

रंगाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. सगळं काळं घालायला हरकत नाही पण मग पोत वेगवेगळा ठेवा, म्हणजे लोकरीचा मऊ कोट, कॉरड्रॉयची पँट, चामड्याचे बूट, नाहीतर सगळं मिळून एक काळा ठोकळा दिसतो. रंग हवा असेल तर तो चेहऱ्याजवळ आणा, स्कार्फमधे. ढगाळ उजेडात चेहरा फिकट दिसतो, तिथे गडद लाल किंवा मोहरीसारखा पिवळा एकदम जीव आणतो. स्कार्फ बांधायची सगळ्यात सोपी पद्धत, लांबीत दुमडून अर्धा करा, मानेमागून घ्या, एका बाजूला जो फास तयार होतो त्यातून दोन्ही टोकं ओढा आणि गाठ थोडी सैल सोडा. कोटाच्या आत टाकला की गळ्याशी फट राहत नाही.

आकाराचं एवढंच लक्षात ठेवा, वर फुगीर असेल तर खाली सरळ, खाली घेरदार असेल तर वर आखूड किंवा कमरेशी बसणारं. दोन्हीकडे फुगीर करून छान दिसणारे लोक आहेत, पण रोज सकाळच्या घाईत ते जमत नाही.

बुटाचा तळ जाड हवा कारण गारठा जमिनीतून वर चढतो. भिजले तर हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं, आत कागद कोंबून वाळू द्या आणि कागद बदलत रहा. बर्फावरच्या मिठाचे पांढरे डाग पडले तर निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी फडक्यावर घेऊन पुसायचे.

शेवटचं म्हणजे निगा, कारण गोळे आलेला महागडा स्वेटर साध्या स्वच्छ स्वेटरपुढे फिका पडतो. गोळे हाताने ओढू नका, धागे निघतात, स्वेटर सपाट पसरून गोळे काढायच्या मशीनने हलक्या हाताने काढा. हँगरला टांगू नका, खांद्याला शिंगं येतात. गार पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलमधे गुंडाळून दाबा आणि आडवा वाळवा. थंडी संपली की धुतल्याशिवाय ठेवू नका, घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर कसर आधी येते. कसर लागल्याचा संशय आला तर स्वेटर पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमधे उणे 18 अंशाला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार लोकरीवर पाणी धरतं.