पाचोळ्यातली लाल छत्री ओळखताना या चुका टाळा

आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या रानात वाकून पाहिलं, की कुजक्या पानांवर नखाएवढ्या लाल छत्र्या दिसतात. टोपीला उघडलेल्या पॅराशूटसारख्या चुण्या, आणि दांडा घोड्याच्या केसासारखा बारीक, काळा, चकचकीत. बहुतेक वेळा ही मरास्मियस हिमॅटोसेफॅलस नावाची अळंबी असते. "बहुतेक" हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

पहिली चूक रंगावर जाण्याची. हीच टोपी गर्द वाइनच्या रंगापासून फिकट गुलाबीपर्यंत कशीही असू शकते. वरून काढलेला फोटो म्हणूनच फारसा कामाचा नाही. छत्री उलटी करा. खालचे कल्ले, म्हणजे पात्यांसारखे पातळ पडदे, विरळ असतात, इतके की सहज मोजता येतात.

दुसरी चूक, टोपीला धरून उपटणं. पान तसंच खाली राहतं आणि दांडा पानाला कुठे, कसा चिकटला होता हे कळायची सोयच जाते. पानासकट उचला. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र घालू नका. माझ्या पिशवीत घरी पोचेपर्यंत नुसता लगदा उरला होता.

सुकून आकसलेली छत्री "मेली" म्हणून टाकून देतात, ही तर सगळ्यात महागाची चूक. ती वाटीभर पाण्यात टाका. मरास्मियस थोड्या वेळात पुन्हा फुलते; मायसेना ही दुसरी नाजूक, छोटी अळंबी सहसा तशी फुलत नाही. मरास्मियस हे नावच 'सुकणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. पण एवढ्यावर शिक्का मारू नका, क्रिनिपेलिससारखे काही भाऊबंदही असेच जिवंत होतात.

कल्ल्यांतून गळणाऱ्या बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या सूक्ष्म 'बियांचा', ठसा पांढऱ्या कागदावर घेतलात तर काहीच दिसणार नाही, कारण बीजाणू पांढरेच. काच वापरा, टोपी कल्ले खाली करून तिच्यावर ठेवा. टोपीवर पाण्याचा थेंब सोडा, वाटी उपडी घाला आणि रात्रभर हात लावू नका.

खाण्याचं म्हणाल तर चिवट आणि चिमूटभर. हिला कुणी भाजीत धरत नाही. मात्र किडीने कुरतडली म्हणजे बिनविषारी, चांदी काळी पडली नाही म्हणजे चालते, या परीक्षा कुठल्याच अळंबीवर लावू नका. लेपिओटा प्रजातीतल्या काही छोट्या छत्र्यांतलं विष शिजवूनही जात नाही.

नक्की जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शक लागतोच. त्याखाली टोपीच्या सालीत खराट्यासारख्या पेशी दिसतात. तोवर नमुना सुकवून कागदी पाकिटात ठेवा आणि वर तारीख, जागा, पान कोणत्या झाडाचं ते लिहा.