गाऱ्हाणे की मत्सर: ख्रिस्ती माणसाने कसे ओळखावे

दिवाळीच्या आदल्या शनिवारी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून बोनसचे पाकीट खिशात घालून निघालेला माणूस तावडे हॉटेलपर्यंत खुशीत असतो. तिथे चहाला थांबल्यावर, आपल्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या पोराच्या पाकिटातही तेवढीच रक्कम आहे हे कळले, की त्याच नोटा हलक्या वाटू लागतात. माझे असे झाले आहे. अर्धा चहा टाकून मी उठलो होतो.

अशा वेळी सर्वांत आधी पैसे मोजावेत, पण स्वतःचे. हजेरी आणि पगारपत्रक समोर ठेवून, ठरले होते तेवढे मिळाले का, हे कागदावर लिहून काढावे. कमी असेल तर तो अन्याय आहे आणि तो मुकाट्याने गिळणे म्हणजे भक्ती नव्हे. मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा अडकवून ठेवू नये, अशी बायबलमधल्या लेवीय 19:13 ची आज्ञा आहे. सलाफहादाच्या पाच मुली बापाच्या वतनातला वाटा मागायला मोशेपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा खुद्द परमेश्वराने दिला (गणना 27). हे गाऱ्हाणे साहेबांच्या टेबलावर किंवा युनियनकडे न्यावे. प्रार्थनासभेत विनंतीच्या नावाखाली आडून बोलून दाखवू नये.

हिशोब चोख निघाला आणि तरीही खुपत राहिले, तर स्वतःला विचारावे: माझे एका रुपयानेही वाढले नाही, पण त्याचे कमी झाले, तर मला बरे वाटेल का? उत्तर 'हो' आले, तर तो मत्सर समजावा.

मग मत्तय 20:1-16 सावकाश वाचावे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून अकराव्या ताशीपर्यंत, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारापर्यंत, पाच वेळा मजूर आणायला बाहेर पडतो आणि शेवटी सर्वांच्या हातावर एकेक दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, ठेवतो. आपण बहुतेक जण ही गोष्ट पहाटे आलेल्याच्या जागी उभे राहून वाचतो. एकदा ती पाच वाजता आलेल्याच्या जागेवरून वाचून पाहावी. तो आळशी नव्हता. 'आम्हांला कोणी कामाला लावले नाही,' एवढेच त्याचे उत्तर आहे. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर सकाळी नऊनंतरही थापी आणि डबा घेऊन उभा राहिलेला गवंडी पाहिला, तर ते उत्तर नीट कळते: त्याला अर्धा दिवस काम मिळाले म्हणून त्याच्या घरची भूक अर्धी होत नाही. उलट पहाटे लागलेल्याला, रात्री चूल पेटणार हे सकाळीच ठाऊक होते, आणि ही निश्चिंती त्याने मजुरीत धरलीच नाही. (26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या, त्याही अड्ड्यावर ताटकळलेल्यांसाठीच होत्या, असे मला वाटते.) मूळ ग्रीकमध्ये धनी विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का? डोळ्यांत खुपणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

आता कृतज्ञता. इथे एक फसगत हमखास होते: 'माझ्याहून वाईट अवस्थेत किती जण आहेत, त्या मानाने देवाने मला बरे दिले,' असे आपण म्हणतो. मंदिरातल्या परूश्यानेही (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसानेही) 'मी इतरांसारखा नाही' म्हणून देवाचे आभारच मानले होते (लूक 18). ती तुलनाच असते, फक्त नजर वरच्याऐवजी खालच्याकडे वळलेली असते. म्हणून रात्री तीन गोष्टी लिहाव्यात आणि 'पेक्षा', 'मानाने', 'निदान' हे शब्द कटाक्षाने टाळावेत. 'भट्टीवरून उतरल्यावर माठातले पाणी गार होते' एवढे वाक्य पुरे.

शेवटी, ज्याचे खुपते त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी आणि त्याच्याशी बोलावे. एका दिवसात मन निवळेल अशी अपेक्षा धरू नये. स्तोत्र 73 लिहिणाऱ्या आसाफालाही पवित्रस्थानात पोहोचेपर्यंत बारा ओव्या कुरकुरच करावी लागली. मी सोमवारी त्या पोराला बोनसचे काय केलेस म्हणून विचारले. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दिला, म्हणाला. त्या दिवशी दोघांच्या चहाचे पैसे मी दिले. अगदी मनापासून दिले असे नाही, पण चहा पुरता प्यालो.