वाळवंटी मुंगी ओळखायची तर आधी तिची कंबर बघा

लोक मला मुंग्यांचे फोटो पाठवतात आणि खाली हमखास लिहितात, ‘लाल आहे, फार जोरात पळते, कुठली?’ रंग आणि वेग, दोन्हींवरून मी उत्तर देत नाही. एकाच बिळातल्या कामकरी मुंग्यांत फिकट-गडद असा फरक असतो. आणि वाळवंटात जोरात पळावंच लागतं, तापलेल्या वाळूवर रेंगाळणार कोण?

वाळवंटी मुंग्यांच्या तीन प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) घ्या: सहारातली कॅटाग्लिफिस, आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातली ऑसिमिर्मेक्स आणि ऑस्ट्रेलियातली मेलोफोरस. तिघींचे पाय लांब, तिघी भर उन्हात बाहेर पडतात, उष्म्याने मेलेले किडे उचलतात आणि घरी नेतात. धावताना पाहिलं तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. पण ऑसिमिर्मेक्सच्या छातीच्या आणि पोटाच्या मध्ये दोन गाठी असतात, बाकी दोघींना एकच. म्हणजे ती मिर्मिसिनी उपकुलातली (उपकुल म्हणजे अनेक प्रजातींचा मोठा गट), या दोघी फॉर्मिसिनी उपकुलातल्या. सारख्या धंद्याने सारखं रूप आलं, एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा. मुंगी आडवी धरा, दहापट दाखवणारं भिंग लावा आणि कंबरेच्या गाठी मोजा. दोन दिसल्या की बहुधा मिर्मिसिनी. एक दिसली तर पोटाचं टोक बघा, त्याला मात्र सूक्ष्मदर्शकच हवा. टोकाला बारीक गोल छिद्र आणि बहुतेकदा भोवती केसांची झालर असेल तर फॉर्मिसिनी, फॉर्मिक आम्ल तिथूनच उडतं. गोल छिद्राऐवजी आडवी फट असेल आणि डंखही नसेल तर डोलिकोडेरिनी हे तिसरं उपकुल. अमेरिकी वाळवंटातली डोरिमिर्मेक्स यातलीच. छातीच्या मागच्या भागावर टोकदार उंचवटा असल्यामुळे ती पटकन सापडते.

एवढं झालं की प्रजातीकडे वळा. फॉर्मिसिनीमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा कॅटाग्लिफिस आणि कॅम्पोनोटस (सुतार मुंग्या) यांचा. कॅटाग्लिफिसच्या कामकरी मुंगीच्या कपाळावर तीन साधे डोळे ठळक दिसतात, कॅम्पोनोटसच्या कामकरी मुंगीला ते नसतात. पुष्कळ कॅटाग्लिफिस पळताना पोट वर उचलून धरतात. ही खूण बिळापाशीच वहीत टिपा, मेलेल्या नमुन्यात ती उरत नाही.

मिर्मिसिनीमध्ये डोक्याची खालची बाजू तपासा. तिथे लांब, वाकड्या केसांची दाढी असेल तर बी गोळा करणारी मुंगी असण्याची शक्यता मोठी. वाळू उचलून न्यायला ती दाढी उपयोगी पडते. मेसॉरच्या बऱ्याच जातींना आणि उत्तर अमेरिकेतल्या पोगोनोमिर्मेक्सला ती असते, पण तेवढ्यावरून त्यांना जवळचे नातेवाईक मानू नका. अमेरिकेतल्या मेसॉर म्हणवल्या जाणाऱ्या जाती तर 2015 मध्ये जनुकीय पुराव्यावरून वेरोमेसॉर या वेगळ्या प्रजातीत गेल्या. जुनं पुस्तक हाताशी असेल तर त्यातलं नाव आजही चालतं का, हे आधी ताडून घ्या.

जातीपर्यंत पोचणं हे खरं किचकट काम. कॅटाग्लिफिस फोर्टिस ट्युनिशिया-अल्जीरियाच्या खारट सपाट जमिनींवर राहते. कीटकशास्त्रज्ञ फोरेलने 1902 मध्ये तिचं वर्णन दुसऱ्या जातीचा एक प्रकार म्हणून केलं होतं. स्वतंत्र जातीचा मान तिला मिळाला तो 1983 मध्ये, मुंग्यांचे अभ्यासक रुडिगर वेनर यांच्या कामामुळे. तज्ज्ञांना जिथे एवढा काळ लागला, तिथे फोटोवरून पाच मिनिटांत उत्तर मागणाऱ्याला मी ‘कॅटाग्लिफिस’ एवढंच कळवते. उलट सहारातली चंदेरी कॅटाग्लिफिस बॉम्बिसिना लांबूनही कळते. तिची चकाकी त्रिकोणी छेदाच्या केसांमुळे येते, ते केस ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला मदत करतात. दिसण्यावर जायचंच तर एवढीच सवलत.

नमुना घेताना एका मुंगीवर भागवू नका. एकाच बिळातल्या आठ-दहा घ्या, लहान-मोठ्या दोन्ही. फेडोले या प्रजातीतल्या सैनिक मुंगीचं डोकं एवढं मोठं असतं की एकटी पाहिली तर ती निराळी जात वाटते. पंखवाले नर मिळाले तर सोडू नका, कॅटाग्लिफिसच्या वर्गीकरणात नराच्या जननांगांना फार महत्त्व आहे. मात्र फॉर्मिसिनी मुंग्या तोंडाने ओढायच्या नळीने गोळा करू नका, आम्लाची वाफ घशात जाते. अल्कोहोलमध्ये बुडवलेला ब्रश पुरतो.

कुपीत 95 टक्के अल्कोहोल भरा, म्हणजे पुढे डीएनए तपासता येईल. चिठ्ठी कुपीच्या आतच टाका: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, जमीन कशी होती, गोळा करणाऱ्याचं नाव. लिहायचं पेन्सिलीने, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. नाव नक्की नसेल तर ‘मेसॉर, जात 1’ लिहा आणि पुढच्या बिळातली वेगळी वाटली तर ‘जात 2’.