प्रवाळ उचलण्याआधी बाण काढा

आपल्याकडे पायाखाली बहुतेक बेसाल्टच, त्यामुळे प्रवाळाचे जीवाश्म मी जागेवर पाहिले ते थेट पश्चिम कच्छमध्ये, एमएस्सीच्या प्रोजेक्टला. वायोर-बेरमोटीच्या बाजूला ऑलिगोसीन काळातला, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे. उतारावर नारळाएवढे प्रवाळ सुटे पडलेले. मी दोन पिशव्या भरल्या आणि तिथेच चुकलो.

परतल्यावर माझ्या प्रोजेक्ट गाइड मॅडमनी एकच विचारलं, "हे वाढले तिथेच गाडले गेले, की लाटांनी उलटून आणले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुटा दगड कुठल्या थरातून निखळला हेच माहीत नसतं. जुनं प्रवाळक्षेत्र ओळखायचं तर त्या थरात बसलेले प्रवाळ किती सुलटे, किती उलटे, बूड कशावर चिकटलंय, हे जागेवरच मोजावं लागतं. प्रोजेक्ट रिपोर्टमधलं माझं अख्खं प्रकरण गळालं. ते अजून लागतं मनाला.

म्हणून हातोडी उचलण्याआधी वरची दिशा दाखवणारा बाण काढा. ओल्या दगडावर मार्कर टिकत नाही, आधी सुकू द्या. तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्यावर बाण हवा. मग नमुना उभा कापला की आतल्या पोकळ्या बघा. माझ्या एका तुकड्यात पोकळीचा खालचा भाग करड्या गाळाने भरलेला होता, वर स्वच्छ कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक. गाळ आधी तळाशी बसतो, स्फटिक नंतर उरलेल्या जागेत वाढतात. दोघांमधली रेघ म्हणजे गवंड्याची पाणसळच. ती बाणाशी जुळली नाही, तर गाळ बसल्यानंतर दगड हललाय.

फोटोशी फोटो जुळवून प्रजातीचं नाव लावू नका. सीनियरच्या जुन्या लेबलांवरही विसंबू नका, माझ्या मते नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यांनीच होतं. या प्रवाळांचा सांगाडा मुळात अरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचा. त्याचं कॅल्साइट होताना सांगाड्यातल्या उभ्या पडद्यांची बारीक नक्षी पुसली जाते, आणि प्रजाती ओळखायची ती त्यावरूनच. थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घासून पातळ केलेल्या दगडाच्या चकतीत) काहीच ओळखू येत नसेल तर घाबरू नका, दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. वंशापर्यंत (जीनस) पोचलात तरी पुष्कळ, तेवढंच लिहा.

आणि नाव पटकन सांगून टाकणाऱ्या गाइडपेक्षा, थरासमोर तासभर गप्प उभं राहू देणारा गाइड शोधा. दुसऱ्या खेपेला मॅडम तशाच थांबल्या. मी २३ प्रवाळ मोजले, १७ सुलटे होते. त्या दिवशी पिशवीत फक्त चार आले, चारींवर बाण.