कॉम्प्रेसरची देखभाल एआरवर शिकवायची तर

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या युनिटमध्ये नव्या ट्रेनीला एआरवर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या मशीनवर स्क्रीनमध्ये बाण आणि सूचना दाखवणं) शिकवायचं असेल, तर थेट संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला हात घालू नका. कोपऱ्यातला बेल्टवर चालणारा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या. हेडसेटचीही गरज नाही. एआरकोअर (गूगलची एआर प्रणाली) चालणारा अँड्रॉइड टॅब आणि एक भक्कम स्टँड पुरे. स्टँड मात्र हवाच, एका हातात टॅब धरून पान्हा फिरत नाही.

खरी गोम मार्करमध्ये आहे, म्हणजे ज्या छापील चित्रावरून टॅब मशीनची जागा ओळखतो आणि बाण बसवतो, त्या चित्रात. एआरकोअरला छापलेलं चित्र किमान १५ बाय १५ सेंमी आणि अगदी सपाट लागतं. पहिल्यांदा ओळखताना ते कॅमेऱ्याच्या चौकटीचा निदान पाव भाग व्यापायला हवं. त्यात बारीकसारीक तपशील भरपूर असावेत, नुसता लोगो किंवा एकसारखी नक्षी चालत नाही. लॅमिनेशन मॅटच करा. चकचकीत असलं की ट्यूबलाइटचा पट्टा त्यावर उमटतो आणि बाण नाचायला लागतात.

मार्कर टाकीवर लावला तर गोलाईमुळे वाकतो. बेल्ट गार्ड (बेल्टवरचं झाकण) सपाट आणि अगदी समोर, म्हणून सगळे तिथेच चिकटवतात. मग बेल्ट तपासायला गार्ड काढून खाली ठेवला की बाण फरशीकडे बोट दाखवतो! बेस फ्रेमला नटबोल्टने पत्र्याची पट्टी बसवा आणि मार्कर तिच्यावर लावा. पट्टीसाठी टाकीला वेल्डिंग तर अजिबात नको, ती प्रेशर व्हेसल आहे, म्हणजे आत दाबाखालची हवा असते.

पहिल्या स्क्रीनवर बाण ठेवूच नका. मेन स्विच बंद, कुलूप, टॅग. कुलपाचा फोटो काढल्याशिवाय पुढची पायरी उघडू नये. प्रेशर स्विचचं (दाबानुसार आपोआप चालू-बंद होणारं) मशीन गप्प उभं दिसतं, पण टाकी रिकामी करताना दाब उतरला की नेमकं तेव्हाच आपोआप सुरू होतं.

मग ड्रेन कॉक (टाकीतलं पाणी काढायची तोटी) हळूहळू उघडायचा. आधी पाणी, मग हवा, गेज शून्यावर. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत पाणी जास्त साठतं, तेव्हा हे दर शिफ्टला करा.

ऑइल पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यावर हवं. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. वरून भर घालू नका, पूर्ण बदला. एअर फिल्टरचं फार शिकवावं लागत नाही: काढा, झटका, फाटला असेल तर नवा.

बेल्टला वेळ द्या. दोन पुलींच्या मध्यांमधलं अंतर ५०० मिमी असेल तर बेल्ट मधोमध दाबल्यावर साधारण ८ मिमी खाली जावा, म्हणजे मीटरला १६ च्या हिशेबाने. सैल असला तर घसरतो, तापतो, किंचाळतो. फार ताणला तर बेअरिंग जातं. स्क्रीन ८ मिमीची रेघ दाखवेल, अंगठ्याचा जोर दाखवणार नाही. तिथे फूटपट्टी हातात द्या आणि दोन-चार वेळा दाबून बघू द्या.

रोज सकाळी ड्रेन कॉकवरचा बाण जागेवर टेकतो का, ते आधी बघून घ्या. दोन सेंमी सरकला तरी मुलगा भलताच नट सोडतो. तिसऱ्या फेरीला टॅब बंद ठेवा आणि जिथे तो अडेल, तेवढीच पायरी पुन्हा दाखवा.